थंडीतला स्पेन : दोन्हीकडची मंदी जुळवून आखावयाचा प्रवास

उमरा झाला, दुबईची खरेदी झाली, आता एकदा अंदलूस पाहून यावे, असे म्हणणारे व्यापारी आपल्यात कमी नाहीत. कुर्तुबा आणि गरनाता ही नावे लहानपणापासून कानांवर पडलेली असतात. पण बेत ठरतो कधी? मे महिन्यात, मुलांच्या सुट्टीत, सगळ्यांचा ठरतो तेव्हाच. मग विमान महाग, हॉटेल महाग आणि तिकडे ऊन असे की आपल्या विदर्भातील माणसानेही सावली शोधावी. सेव्हिल शहरात जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचे सरासरी तापमान ३६ अंश असते आणि चाळिशी ओलांडणे तेथे नेहमीचे आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये कोर्दोबा जिल्ह्यात ४७ अंशांपर्यंत पारा गेला होता.

म्हणून आम्ही सांगतो की दक्षिण स्पेन पाहावयाचा तर थंडीत पाहावा. नोव्हेंबर ते जानेवारी हा तेथला बिगर-हंगाम. गर्दी ओसरलेली, खोल्यांचे दर उतरलेले, हवा आपल्या पुण्या-नाशिकच्या थंडीपेक्षा जरा अधिक गार, इतकेच. परंतु बिगर-हंगाम म्हणजे स्वस्त, एवढा हिशोब व्यापाऱ्याला पुरत नाही. तिकडे मंदी आणि इकडे आपल्या दुकानात सीझन असेल तर हॉटेलात वाचलेले दहा हजार गल्ल्यात गमावलेल्या लाखाची भरपाई करीत नाहीत. तिकडची मंदी आणि आपली मंदी ज्या आठवड्यांत एकत्र येते तेवढेच आठवडे आपल्या कामाचे. ते कोणते, हे आधी पाहू.

आपले पंचांग, त्यांचे पंचांग

येत्या काही वर्षांत रमजान हिवाळ्यात येत आहे. २०२७ चा रमजान ८ फेब्रुवारीच्या सुमारास, २०२८ चा २८ जानेवारीच्या, २०२९ चा १६ जानेवारीच्या आणि २०३० चा ५-६ जानेवारीच्या सुमारास सुरू होईल; चंद्रदर्शनाने एखादा दिवस मागेपुढे. २०३० मध्ये तर डिसेंबरअखेर पुन्हा एकदा रमजान लागेल. कापड, चप्पल-बूट, टोप्या, अत्तर, सुकामेवा, शेवया, भांडी यांपैकी ज्याचा धंदा ईदवर उभा आहे, त्याला रमजानच्या महिना-दीड महिना आधी माल भरावा लागतो. याचा अर्थ असा की २०२७ मध्ये अशा व्यापाऱ्याने फार तर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत परत यावे आणि पुढे दर वर्षी ही मुदत दहा-अकरा दिवसांनी मागे सरकत जाईल. ज्यांना जायचेच आहे त्यांनी ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणताना एवढे ध्यानात घ्यावे.

लग्नसराईवर पोट असणाऱ्यांचे गणित निराळे. मंडप, बँड, केटरिंग, जरीकाम, मेहंदी, बांगड्या यांना तुळशीच्या लग्नानंतर डिसेंबरच्या मध्यापर्यंत उसंत नसते. मग धनुर्मास लागतो आणि संक्रांतीपर्यंत हिंदू कुटुंबांतील लग्ने जवळजवळ थांबतात. ही त्यांची खरी मोकळीक. पण तिकडे नेमकी नाताळची धामधूम त्याच दिवसांत.

आता स्पेनचे पंचांग. ६ डिसेंबर हा त्यांचा संविधान दिन आणि ८ डिसेंबर धार्मिक सुट्टी. मधले दिवस जोडून लोक बाहेर पडतात, आणि सेव्हिल-ग्रानाडातील खोल्यांचे दर त्या चार दिवसांत चढतात. २४ डिसेंबरच्या संध्याकाळपासून दुकाने बंद होऊ लागतात, २५ ला सर्व ठप्प. ३१ डिसेंबर व १ जानेवारी तसेच. ५ जानेवारीच्या संध्याकाळी मिरवणुका निघतात आणि ६ जानेवारीला पुन्हा सर्व बंद. तेथील मुलांना भेटवस्तू मिळण्याचा खरा दिवस हाच. तो उलटला की ७ जानेवारीपासून सगळ्या देशात सवलतीचे सेल लागतात, पाहुणे घरी परततात आणि खोल्या रिकाम्या होतात.

तेव्हा तिकडचे स्वस्त आणि शांत आठवडे तीन टप्प्यांत येतात : नोव्हेंबरचा दुसरा आठवडा ते ५ डिसेंबर, मग ९ ते २० डिसेंबर आणि त्यानंतर ७ जानेवारीपासून जानेवारीअखेर. ईदच्या धंदेवाल्यांनी पहिला किंवा दुसरा टप्पा धरावा. लग्नसराईवाल्यांना ७ ते १४ जानेवारी हा आठवडा अगदी मापाने शिवल्यासारखा बसतो, दिवस कमी वाटले तर १५ ते २० डिसेंबरचाही विचार करावा. सुतार, रंगारी, वेल्डिंगवाले, गॅरेजवाले यांना तुलनेने मोकळीक आहे. त्यांनी जानेवारीचा मध्य घ्यावा, आमच्या मते तोच सर्वांत चांगला. जीएसटीच्या ११ आणि २० या तारखा आणि १५ डिसेंबरचा आगाऊ कराचा हप्ता हे मात्र निघण्यापूर्वी अकाउंटंटच्या गळ्यात घालून जावे.

‘सौम्य हवा’ म्हणजे नेमके काय

प्रवासी कंपन्यांच्या पत्रकात दक्षिण स्पेनची थंडी सौम्य असते असे छापलेले असते. खोटे नाही, पण सगळ्या गावांना लागू नाही. जानेवारीत समुद्रकाठच्या मालागा येथे दुपारी १७ अंश आणि रात्री ७-८ अंश असतात. सेव्हिलला १६ आणि ६ च्या आसपास. कोर्दोबात दोन्हीकडे एखाद-दोन अंश कमी. ग्रानाडा मात्र समुद्रसपाटीपासून सातशे मीटरवर, बर्फाच्छादित सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याशी आहे. तेथे दुपारी १२-१३ अंश आणि पहाटे शून्याच्या जवळ. माद्रिद व तोलेदो याहून बोचरे.

दुसरी गोष्ट पावसाची. आपल्याकडे थंडी कोरडी. तेथे पाऊस पडतो तोच मुळी हिवाळ्यात. नोव्हेंबर-डिसेंबर त्यातल्या त्यात ओले. तो आपल्यासारखा कोसळत नाही, पण दोन दिवस भुरभुर चालली की दगडी गल्ल्या निसरड्या होतात. छत्रीपेक्षा टोपीचे जाकीट आणि रबरी तळाचे बूट घ्यावेत.

आणखी एक बाब कोणी सांगत नाही ती सांगतो. ही घरे उन्हाळ्यासाठी बांधलेली आहेत. जाड भिंती, फरशीची जमीन, आतले अंगण. बाहेर ऊन असते आणि खोलीत हुडहुडी भरते. जुन्या शहरात खोली घेताना खोली गरम करण्याची सोय आहे की नाही, हे आधी लेखी विचारून घ्यावे. त्यासाठी स्पॅनिश शब्द ‘कालेफाक्सिऑन’. सोबत वयस्कर आई-वडील असतील तर या एका प्रश्नावर प्रवास सुखाचा होईल की नाही हे ठरते.

दिवस लहान असतो आणि उशिरा उजाडतो. डिसेंबरअखेर सेव्हिलला सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि सव्वासहाच्या आत मावळतो. नमाजींना याचा एक फायदा आहे, फजर सातच्या सुमारास, म्हणजे झोप मोडत नाही. मात्र असर व मगरीब यांत अंतर थोडे असते, आणि दुपारी दोन ते पाच लहान दुकाने बंद, हे धरून चालावे. उन्हाळ्यात दिवसाला चार ठिकाणे पाहणारा माणूस थंडीत दोनच पाहू शकतो. म्हणून आठ दिवसांत पाच शहरे दाखविणारी पॅकेजे हिवाळ्यात घेऊ नयेत. पैसे शहरांचे द्याल आणि पाहाल बसची खिडकी.

व्हिसा : दुकानदाराची खरी परीक्षा

स्पेनसाठी शेंगेन व्हिसा लागतो. प्रौढांची फी जून २०२४ पासून ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांची ४५ युरो. अर्ज घेणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. अर्ज नामंजूर झाला तर ही रक्कम परत मिळत नाही. चार जणांच्या कुटुंबाची नामंजुरी म्हणजे तीस-पस्तीस हजारांवर पाणी. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. आमचा सल्ला आठ-दहा आठवडे आधीचा, म्हणजे जानेवारीत जायचे तर दिवाळीच्या आसपास कागद तयार हवेत.

पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पाने असलेला असावा. किमान ३०,००० युरोंच्या उपचारखर्चाचा प्रवास विमा सक्तीचा आहे. तो भारतात फार महाग पडत नाही, पण तारखा काटेकोर घ्याव्या.

खरी अडचण येते ती उत्पन्नाच्या पुराव्यात. नोकरदार पगाराची पावती जोडतो आणि मोकळा होतो. आपला कारागीर रोज रोखीत कमावतो, रोखीत खर्चतो. हातात हुनर आहे, घरात चार पैसेही आहेत, पण कागदावर काही दिसत नाही. वकिलातीतील माणूस तुमचे दुकान पाहायला येत नाही, तो कागद पाहतो. तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, धंद्याची नोंदणी म्हणजे जीएसटी, उद्यम किंवा गुमास्ता यांपैकी जे असेल ते, आणि मागील सहा महिन्यांचे बँकेचे उतारे ही तीन पायांची घडवंची आहे. अर्जाच्या आदल्या आठवड्यात भावाकडून दोन लाख आणून खात्यात टाकले की शिल्लक फुगते, पण संशयही फुगतो. त्यापेक्षा आतापासून रोजची विक्री थोडी-थोडी खात्यातून फिरवावी. व्हिसासाठी नाही तरी कर्जासाठी ती सवय उपयोगी पडते.

दुसरी अडचण नावाच्या स्पेलिंगची. एकाच माणसाचे ‘शेख’ आधारवर एका तऱ्हेने, पॅनवर दुसऱ्या, आणि पासपोर्टवर तिसऱ्या तऱ्हेने लिहिलेले असते. कोठे वडिलांचे नाव मध्ये, कोठे आडनावच नाही. अर्ज भरण्यापूर्वी सर्व कागद टेबलावर ओळीने मांडून नावे ताडून पाहावीत. फरक असेल तर दुरुस्ती करावी किंवा एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे.

सोबत एक पानाचे पत्र द्यावे : मी अमुक धंदा करतो, इतकी वर्षे करतो, इतके दिवस जातो, खर्च असा, माझ्या पाठीमागे दुकान कोण सांभाळणार आणि मी अमुक तारखेला परत येणार. शेवटची दोन वाक्ये सर्वांत मोलाची. हिवाळ्यात धंदा सोडून का निघाला, या न विचारलेल्या प्रश्नालाही पत्रात उत्तर असावे. आपल्या मंदीचा काळ आहे, हे साधे आणि खरे उत्तर आहे. व्हिसा हातात येईपर्यंत परत न होणारे विमानाचे तिकीट काढू नये. २०२५ च्या ऑक्टोबरपासून युरोपच्या सीमेवर परदेशी प्रवाशांचे ठसे व फोटो घेऊन नोंद करण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. उतरल्यानंतर रांगेत वेळ जातो, तेव्हा लगेचची गाडी पकडण्याचा बेत करू नये.

पर्यटनाच्या व्हिसावर कारखाने पाहणे, भाव विचारणे, ओळख करून घेणे यात काही गैर नाही. तेथे टेबल टाकून आपला माल विकणे मात्र चालणार नाही.

काय पाहावे, कोणत्या क्रमाने

मुंबईहून बहुतेक मंडळी आखातातील एखाद्या विमानतळावर विमान बदलून माद्रिदला उतरतात. माद्रिदमध्ये जानेवारीत पर्यटन उद्योगाचा ‘फितूर’ नावाचा मोठा जागतिक मेळा भरतो. नावावर जाऊ नये, पण त्या आठवड्यात तेथील हॉटेले महागतात, तारीख पाहून घ्यावी. माद्रिदहून वेगवान रेल्वेने कोर्दोबा पावणेदोन तासांवर, तेथून सेव्हिल पाऊण तासावर. माद्रिद-सेव्हिल हा मार्ग १९९२ मध्ये सुरू झाला, स्पेनमधील अशा रेल्वेचा तो पहिलाच. रेल्वेचे तिकीट लवकर काढले तर बरेच स्वस्त पडते. सेव्हिल-ग्रानाडा बसने तीन तासांत होते.

दहा रात्री असतील तर कोर्दोबा दोन, सेव्हिल तीन, ग्रानाडा तीन आणि उरलेल्या दोन मालागा किंवा माद्रिदला, असे आम्ही करू. बार्सिलोना यात बसवू नये. ते दुसऱ्या टोकाला आहे.

पण आखणीची सुरुवात कोर्दोबापासून नव्हे, ग्रानाडापासून करावी. अल्हंब्रा पाहण्यास वर्षाला पंचवीस लाखांहून अधिक लोक येतात. नसरी सुलतानांच्या महालात शिरण्याची वेळ तिकिटावर छापलेली असते, ती चुकली की आत घेत नाहीत. तिकीट पासपोर्ट क्रमांकावर निघते. पासपोर्ट खिशात हवा. दर वीस-बावीस युरोंच्या घरात. उन्हाळ्यात ही तिकिटे कित्येक आठवडे आधी संपतात, थंडीत थोडी उसंत मिळते, तरी आधी हे तिकीट काढावे आणि मग बाकीचा प्रवास त्याभोवती रचावा. ऑक्टोबरच्या मध्यापासून मार्चअखेर अल्हंब्रा संध्याकाळी सहालाच बंद होते. २५ डिसेंबर व १ जानेवारीला पूर्ण बंद. सकाळी साडेआठची वेळ घेऊ नये. थंडीत तेव्हा नुकते उजाडलेले असते आणि फवाऱ्यांच्या अंगणात बोटे गोठतात. दहा-अकराची वेळ उत्तम. शक्य तो सोमवार ते गुरुवार जावे, कारण सिएरा नेवाडावर बर्फावरच्या खेळासाठी येणारे लोक शनिवार-रविवारी ग्रानाडा भरून टाकतात.

मुक्कामात शुक्रवार यावा असे पाहावे. अल्हंब्राच्या समोरच्या टेकडीवर, अल्बाइसिन मोहल्ल्यात, २००३ मध्ये मशीद उघडली. तिच्या बागेतून समोर अल्हंब्रा आणि मागे बर्फाचा डोंगर दिसतो. उजेड कमी असलेल्या दिवसांतही ते दृश्य चुकवू नये. २ जानेवारीला मात्र ग्रानाडात गर्दी असते. १४९२ मध्ये त्याच दिवशी शेवटचा सुलतान अबू अब्दुल्लाह याने शहर सोपविले, त्याचा सोहळा नगरपालिका आजही करते. पाहायचे की नाही ज्याचे त्याने ठरवावे.

कोर्दोबाची मशीद अब्दुर्रहमान पहिला याने ७८५ च्या सुमारास सुरू केली आणि दोनशे वर्षे ती वाढत गेली. साडेआठशेहून अधिक खांब आहेत. १२३६ मध्ये तिचे चर्च झाले, सोळाव्या शतकात ऐन मध्यभागी कॅथेड्रल उभे राहिले. अल्लामा इक्बाल येथे १९३३ च्या जानेवारीतच आले होते, म्हणजे त्यांनीही हीच थंडी पाहिली. आज आत नमाज पढण्यास परवानगी नाही. २०१० मध्ये परदेशी मुस्लिम पर्यटकांनी आत नमाजाचा प्रयत्न केला तेव्हा प्रकरण अटकेपर्यंत गेले. मनाला लागते, हे आम्ही समजतो. तरी परक्या देशात कुटुंबासह असताना पहारेकऱ्याशी वाद घालू नये. रविवारी सकाळच्या प्रार्थनेमुळे मधले काही तास पर्यटकांना बंद असते. गावाबाहेरील मदीना अझ-झहरा, म्हणजे दहाव्या शतकातील खलिफाचे नगर, सोमवारी बंद असते. उन्हाळ्यात त्या उघड्या टेकडीवर तासभरही उभे राहवत नाही. थंडीत अर्धा दिवस आरामात जातो.

सेव्हिलमध्ये घंटाघर झालेला मुवह्हिदांचा मिनार, हिराल्दा, पाहावा. वर जायला जवळजवळ सगळीकडे पायऱ्यांऐवजी उताराचे रस्ते आहेत; गुडघेदुखीवाल्यांनाही जमते. आल्कासार महाल हा मात्र कारागिरांनी जपून पाहावा. तो ख्रिस्ती राजा पेद्रो याने १३६० च्या दशकात बांधविला आणि त्यावर सेव्हिल, तोलेदो व ग्रानाडा येथील मुसलमान कारागिरांनी काम केले. राज्य गेले होते, पण चुन्याच्या नक्षीचा आणि लाकडी छताचा हुनर ज्याच्या हातात होता त्याच्यावाचून राजाचे चालत नव्हते. थंडीत हा महाल पाचलाच बंद होतो.

व्यापारी आणि कारागिरांनी आवर्जून पाहाव्या अशा जागा

ग्रानाडाच्या बाजारात ‘कोर्राल देल कार्बोन’ नावाची चौदाव्या शतकातील इमारत आहे. खाली धान्याची कोठारे, वर व्यापाऱ्यांच्या खोल्या, मध्ये पाण्याचा हौद. स्पेनमध्ये पूर्ण शाबूत राहिलेला हा एकमेव फुंदुक. परगावचा व्यापारी माल उतरवून येथेच झोपत असे. आपल्या जुन्या सरायांची आठवण व्हावी अशीच मांडणी. जवळची रेशीमबाजाराची गल्ली, अल्कायसेरिया, १८४३ च्या आगीत जळाली आणि नव्याने बांधली. आता तेथे पर्यटकी वस्तूच जास्त, त्यातला बराच माल बाहेरून आलेला. खरेदीसाठी ती जागा नव्हे.

बाजारात कान उघडे ठेवले तर गंमत वाटेल. स्पॅनिशमध्ये जकातनाक्याला ‘आदुआना’ म्हणतात, तो आपला दिवाण. गोदामाला ‘आल्मासेन’, तो अरबी मखजन. कुंभाराला ‘आल्फारेरो’, गवंड्याला ‘आल्बान्यिल’, तेलाला ‘आसेइते’. आपण रोज तोलतो तो क्विंटलही अरबी ‘किंतार’ मधूनच युरोपात गेला आणि तेथून फिरून आपल्या मार्केट यार्डात आला. १६०९ ते १६१४ मध्ये मोरिस्को लोकांना देशाबाहेर काढले, तरी बाजाराची आणि बांधकामाची भाषा त्यांचीच राहिली.

लाकूडकाम करणाऱ्यांनी ग्रानाडाचे ‘तारासेआ’ पाहावे : लाकूड, हाड आणि शिंपल्याचे बारीक तुकडे बसवून केलेली पेट्या-मेजांवरील नक्षी. अल्हंब्राच्या आवारातील रस्त्यावरही याचे काम चालते. तेथे चढणाऱ्या ‘कुएस्ता दे गोमेरेस’ या चढावर गिटार बनविणाऱ्यांची दुकाने आहेत. मिरजेच्या आमच्या सतारमेकर बंधूंना ही गल्ली ओळखीची वाटेल; शस्त्रे घडविणाऱ्या घराण्यांनी वाद्ये घडवायला घेतली, ती मिरजेची कथा, आणि तिच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ग्रानाडातल्या गिटारांच्या पाठीला आणि कडांना बहुधा भारतीय शिसवी वापरतात. २०१७ मध्ये शिसवीच्या सर्व जाती जागतिक वन्यजीव-व्यापार करारात आल्या तेव्हा वाद्यांची ने-आण अडली होती. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. शिसवीची हस्तकला निर्यात करणाऱ्यांनी हा फरक समजून घ्यावा, तयार वाद्याची सूट कच्च्या लाकडाला नाही.

चामड्याच्या धंद्यातील लोकांसाठी कोर्दोबा. शेळीच्या कमावलेल्या कातड्याला या गावाचेच नाव पडले, ‘कोर्दोबान’, आणि इंग्रजीत मोची या अर्थाचा जुना शब्दही त्यावरूनच झाला. उठावाची नक्षी केलेले रंगीत कातडे, ‘ग्वादामेसी’, आजही थोडे कारागीर करतात. किंमती पाहून कोल्हापूरच्या चप्पलवाल्याला घाम फुटेल, पण चिठ्ठीवर कारागिराचे नाव आणि पद्धत लिहिलेली असते. तो दर नुसत्या चामड्याचा नव्हे, त्या चिठ्ठीचाही आहे. कोर्दोबात चांदीच्या तारेचे जाळीकामही प्रसिद्ध आहे. सेव्हिलच्या त्रियाना वस्तीत जुन्या टाइल कारखान्याचे संग्रहालय आहे, भट्ट्या जशाच्या तशा. तोलेदोला लोखंडावर सोन्याची तार ठोकून नक्षी करतात. आपल्या कोफ्तगिरीची ही सख्खी बहीण. माद्रिदहून रेल्वेने अर्ध्या तासाचे अंतर.

एक गोष्ट फक्त थंडीतच दिसते. नोव्हेंबर ते जानेवारी हा जैतुनाच्या काढणीचा काळ. जगात सर्वांत जास्त जैतुनाचे तेल स्पेन काढतो आणि त्यातले सर्वांत जास्त हाएन जिल्ह्यात निघते, जो कोर्दोबा आणि ग्रानाडाच्या मध्ये पडतो. या दिवसांत तेलाचे कारखाने रात्रंदिवस चालू असतात. काही पाहुण्यांना आत नेतात. उन्हाळ्यात जाणाऱ्याला रिकामी यंत्रे पाहून परतावे लागते. तेलाच्या किंवा किराण्याच्या धंद्यातील माणसाने याच्यासाठी एक दिवस मोकळा ठेवावा.

खाणे आणि खरेदी

मोठ्या शहरांत मोरोक्कोच्या लोकांची हलाल हॉटेले आहेत, ग्रानाडात तर भरपूर. हलाल प्रमाणपत्र देणारी स्पेनमधील संस्था कोर्दोबातच आहे. अडचण येते ती वाटेत. डुकराचे मांस तेथे इतके सर्वत्र आहे की भाजीच्या रश्शातही तुकडे टाकतात. ‘सिन हामोन, सिन सेर्दो’ हे शब्द पाठ करावेत. थंडीत खास जपायचे ते नाताळच्या मिठाईला : ‘पोल्वोरोन’ आणि ‘मान्तेकादो’ या नानकटाईसारख्या दिसणाऱ्या वड्या डुकराच्या चरबीत करतात. हॉटेलवाले प्रेमाने बशी पुढे करतात. जैतुनाच्या तेलातल्याही मिळतात, पुडक्यावर वाचून घ्याव्या. मासे, अंड्या-बटाट्याचा तोर्तिया, पालक-हरभऱ्याची भाजी, रस्त्याकडेची भाजलेली चेस्टनट यांवर दिवस निघतो. रात्रीचे जेवण साडेआठच्या आत मिळत नाही.

खरेदीवर २१ टक्के मूल्यवर्धित कर असतो. युरोपबाहेर राहणाऱ्याला तो परत मिळतो आणि स्पेनमध्ये २०१८ पासून त्यासाठी किमान खरेदीची अट नाही. दुकानात पासपोर्ट दाखवून करपरतीचा कागद मागावा, आणि युरोप सोडताना विमानतळावर, सामान जमा करण्यापूर्वी, ‘दिवा’ नावाच्या यंत्रावर तो नोंदवावा. सामान आधी दिले आणि अधिकाऱ्याने माल दाखवा म्हटले तर पंचाईत होते. सवलत स्वतःच्या वापराच्या वस्तूंना आहे. विक्रीचा माल त्यात घालू नये. ७ जानेवारीनंतरच्या सेलमध्ये चामड्याचे जोडे आणि लोकरीचे कपडे खरोखर उतरतात.

खर्चाचा अंदाज धरताना एका युरोला शंभर रुपयांच्या आसपास धरावे. पॅकेज घेतले तर कंपनी पॅकेजच्या रकमेवर आयकराचा काही भाग आगाऊ कापून घेते. तो खर्च नव्हे, विवरणपत्रात तो आपल्या करात वळता होतो किंवा परत मिळतो. पावती मात्र जपून ठेवावी आणि पॅन क्रमांक बरोबर घातला आहे ना, हे बुकिंगच्याच दिवशी पाहावे. विमानाची तिकिटे व हॉटेले स्वतः वेगवेगळी घेतली तर पॅकेजचा हा कर लागत नाही. भाषेची भीती वाटत असेल तर दोन-तीन कुटुंबांनी मिळून जावे आणि एका तरुण मुलाकडे तिकिटांचे काम द्यावे. आपल्या बाजारपेठेत असा एखादा प्रत्येक घरात असतोच.